बॉयलरच्या पोटातील आधारदंड

वाफेच्या एंजिनाचे कौतुक करणारा मनुष्य त्याची चाके पाहतो, दट्ट्याची लयबद्ध ये-जा पाहतो, फार झाले तर भट्टीच्या उघड्या दारातून दिसणाऱ्या ज्वाळा पाहतो. परंतु ज्या शेकडो लहान धातुदंडांवाचून ते एंजिन शेडबाहेर पडण्यापूर्वीच फुटून गेले असते, ते दंड त्याच्या दृष्टीस कधीच पडत नाहीत, कारण त्यांचे सारे आयुष्य दोन पत्र्यांच्या मधल्या उकळत्या पाण्यात जाते. कारखान्यात त्यांना ‘स्टे’ म्हणतात. बाष्पयंत्राचे चरित्रकार शोधकांविषयी आणि विक्रमी वेगांविषयी पानेच्या पाने लिहीत आले आहेत. स्टे बसविणाऱ्या बॉयलरमेकराच्या वाट्याला त्या मानाने फारच थोड्या ओळी आल्या, आणि हा त्या कसबावर झालेला अन्याय आहे असे मला मनापासून वाटते.

स्टेची गरज भूमितीतून उत्पन्न होते. एंजिनाच्या बॉयलरचा पुढचा लांब भाग वर्तुळाकृती असतो. अशा भिंतीवर आतून वाफेचा दाब आला की तो परिघाच्या दिशेने ताण होऊन पत्र्यात समप्रमाणात वाटला जातो, पत्रा वाकत नाही, केवळ ताणला जातो, आणि ताण सोसणे हा तर पोलादाचा स्वभावच आहे. मागच्या बाजूस असलेल्या भट्टीला, म्हणजे फायरबॉक्सला, ही सोय नाही. कोळशाची जाळी सपाट आणि लांबरुंद हवी, तिच्या भोवतीच्या भिंती उभ्या हव्यात, आणि हे सारे दोन चाकांमधल्या मोजक्या जागेत सामावले पाहिजे. त्यामुळे भट्टी पेटीसारख्या चौकोनी आकाराची होते, तिच्याभोवती काही इंचांचे अंतर ठेवून बाहेरचा कोश येतो आणि त्या अंतरात पाणी राहते. दाब चढू लागला की आतला पत्रा आगीकडे आणि बाहेरचा पत्रा आकाशाकडे फुगू पाहतो. गोधडीचे दोन थर जसे टाक्यांनी एकमेकांशी बांधलेले असतात, तसे हे दोन पत्रे चार-चार इंचांवर स्टे घालून बांधलेले असतात, आणि टाके उसवले तर गोधडीचे जे होते त्याहून कितीतरी भयंकर असे काही येथे होते.

हा भार किती, याचा हिशेब सोपा आहे. आपल्याकडील प्रवासी गाड्यांचे जे डब्ल्यूपी एंजिन १९४७ मध्ये आले, त्याच्या बॉयलरचा दाब चौरस इंचाला २१० पौंड होता. दोन स्टेंमधील अंतर चार इंच धरले तर एका स्टेच्या वाट्याला १६ चौरस इंच क्षेत्र येते, म्हणजे ३,३६० पौंड, म्हणजे बरोबर दीड टन. भट्टीची एक बाजू आठ फूट लांब आणि पाच फूट उंच समजली तर त्या एका भिंतीवर ५४० टनांचा रेटा रात्रंदिवस उभा असतो, आणि तो अडविणारा प्रत्येक दंड हाताच्या अंगठ्याहून फारसा जाड नसतो.

हे ज्ञान अनुभवाने, आणि कधी मनुष्यहानीने, मिळविलेले आहे. १८२९ साली रॉबर्ट स्टीफन्सनने ‘रॉकेट’ या एंजिनाचा बॉयलर पाण्याच्या दाबाने तपासावयास घेतला तेव्हा सत्तर पौंडांच्या सुमारास त्याचे सपाट टोक बाहेर आले, आणि आणखी स्टे घालण्याची तजवीज करावी लागली. पुढे मार्च १८५३ मध्ये, म्हणजे बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी सुटण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, मँचेस्टरजवळच्या लाँगसाइट येथील शेडमध्ये उभ्या असलेल्या एका एंजिनाचा बॉयलर फुटला आणि माणसे दगावली. दोष झिजलेल्या स्टेंचा की दाब वाजवीपेक्षा अधिक चढू दिल्याचा, याविषयी चौकशीत मतभेद झाले. विल्यम फेअरबेर्न या थोर अभियंत्याने तेव्हा प्रयोग मांडला. भट्टीच्या भिंतीसारख्या दोन सपाट पेट्या, एकीत स्टे पाच इंचांवर, दुसरीत चार इंचांवर. पहिली ८१५ पौंडांना फुटली, दुसरीने १,६२५ पौंडांपर्यंत तग धरला. एका इंचाच्या फरकाने सामर्थ्य दुप्पट झाले! पत्र्याची जाडी वाढविण्यापेक्षा आधार जवळ आणणे किती श्रेयस्कर, हे या एका प्रयोगाने जितके स्पष्ट केले तितके पुष्कळ ग्रंथांनी केले नसते.

आता बसविण्याच्या कामाकडे वळू, कारण या विद्येचे खरे मर्म तेथे आहे. प्रथम दोन्ही पत्र्यांना एका रेषेत येतील अशी भोके पाडावयाची, ती रीमरने साफ करावयाची, आणि मग एक लांबच लांब टॅप बाहेरून घालून दोन्ही भोकांना एकाच फेऱ्यात आटे पाडावयाचे. यातील ‘एकाच फेऱ्यात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. दोन पत्र्यांना निरनिराळे आटे पाडले तर प्रत्येक भोक स्वतंत्रपणे निर्दोष असूनही बाहेरच्या पत्र्यातून शिरलेला स्टे आतल्या पत्र्याशी पोहोचेल तेव्हा त्याचे आटे तेथील आट्यांशी अर्ध्या-पाव फेऱ्याने चुकतील. मग तो जबरदस्तीने फिरवावा लागेल आणि पत्रा प्रथमपासूनच ओढाताणीत राहील. मधल्या रिकाम्या जागेतही आट्याची रेषा अखंड चालू आहे असे मानूनच टॅप चालवावा लागतो. स्टेचा मधला भाग मात्र लेथवर आट्याच्या मुळापर्यंत उतरवून गुळगुळीत केलेला असतो, जेणेकरून त्याला थोडे वाकता यावे आणि आट्याच्या खाचेतून चीर सुरू होऊ नये.

स्टे घट्ट बसला की दोन्ही टोकांना एक-दोन आटे बाहेर राहतील इतकी लांबी ठेवून बाकीचा भाग कापतात आणि ती टोके हातोड्याने पसरवून त्यांचे डोके बनवितात. बाहेर एक जण हातोडा चालवितो, तेव्हा आत भट्टीत दुसरा एक जण लोखंडाचा जड ठोकळा टोकाशी दाबून धरतो. त्या बंदिस्त पेटीत पडून राहून कानठळ्या बसविणारा तो आवाज दिवसभर सोसावयाचा असतो. घाव कमी पडले तर टोक गळते, अधिक पडले तर आटे ढिले होतात. योग्य घाव कोणता हे मनगटाला कळावे लागते. जुना स्टे काढून नवा घालताना भोक किंचित मोठे करून पुन्हा आटे पाडावे लागतात, म्हणून प्रत्येक बदलाबरोबर स्टेची जाडी वाढत जाते, आणि एखाद्या वृद्ध बॉयलरच्या भिंतीवर निरनिराळ्या जाडीची डोकी पाहिली की त्याच्या दुरुस्त्यांचे दप्तरच उघडे पडते.

बाजूच्या भिंतींखेरीज इतरही सपाट जागा असतात. आगीच्या नळ्या जेथे भट्टीच्या पत्र्याला मिळतात तेथे नळ्याच स्टेचे काम करतात. परंतु त्यांच्या खाली उरलेल्या पट्ट्याला आधार नसतो, तेथे पाम स्टे लावतात, ज्यांचे एक टोक चपटे करून बॉयलरच्या तळाला रिव्हेटांनी जोडलेले असते आणि दुसरे आटे पाडून पत्र्यात शिरलेले असते. हे काम नळ्या घालण्यापूर्वी बॉयलरच्या पोटात शिरून करावे लागते. सर्वांत नाजूक जागा म्हणजे भट्टीचे छत: खाली धगधगती आग आणि वर पाण्याचा थर. बाहेरचा कोश वर गोल असेल तर छताचे स्टे त्याला तिरपे भेटतात. बेल्जियमच्या आल्फ्रेड बेल्पेअरने १८६० नंतरच्या दशकात कोशाचाच माथा सपाट केला आणि स्टे दोन्ही पत्र्यांना काटकोनात बसू लागले.

इतक्या निगुतीने बसविलेला स्टेही पुढे तुटतो. आतला पत्रा आगीमुळे अधिक तापतो, अधिक प्रसरण पावतो; दोन्ही पत्रे तळाच्या कड्याशी पक्के जखडलेले असल्याने आतला वर सरकतो आणि बाहेरचा मागे राहतो. प्रत्येक वेळी एंजिन पेटविताना आणि विझविताना स्टे थोडा वाकतो, पुन्हा सरळ होतो, आणि वरच्या ओळींत व कोपऱ्यांत हे वाकणे सर्वाधिक असते. चीर बहुधा बाहेरच्या पत्र्याजवळ पडते, जेथे ती कोणाला दिसत नाही. म्हणून हातोडा आणि कान हीच तपासणीची जुनी साधने: भट्टीत शिरून एकेका डोक्यावर हलका ठोका द्यावयाचा, शाबूत स्टे खणखणीत नाद देतो, तुटलेला बद्द वाजतो. आमच्या परळच्या कारखान्यात, जो जीआयपी रेल्वेने १८७९ मध्ये उभा केला, किंवा जगातील कोणत्याही बॉयलरशॉपमध्ये, हा कान घडण्यास वर्षे लागत.

अमेरिकेने ही गोष्ट केवळ कानावर न सोपविता कायद्यात आणली. १९११ च्या तपासणी कायद्याखालील नियमांनी आठ इंचांहून आखूड अशा नव्या ताठ स्टेंच्या बाहेरच्या टोकात तीन-सोळांश इंच व्यासाचे आणि किमान सव्वा इंच खोल भोक असणे सक्तीचे केले. चीर त्या भोकापर्यंत पोहोचली की वाफेची बारीक धार बाहेर येते आणि स्टे आपल्या मोडण्याची वर्दी स्वतःच देतो. जो भाग मोडणारच, त्याला मोडल्याचे सांगता येईल असे घडवावयाचे, ही कल्पना मला यंत्रशास्त्रातील अत्यंत प्रामाणिक कल्पनांपैकी एक वाटते. त्याच नियमांत असेही कलम होते की शेजारचे दोन, चार फूट व्यासाच्या वर्तुळातील तीन, किंवा साऱ्या बॉयलरमधील पाच स्टे तुटले असतील तर बॉयलर कामावर ठेवता येणार नाही. शेजारचे दोनच का, हे वरच्या हिशेबावरून ध्यानी येईल. एका स्टेचे निव्वळ क्षेत्र ०.६ चौरस इंच धरले तर दीड टनाने त्यात चौरस इंचाला ५,६०० पौंडांचा ताण येतो. नियमाची मर्यादा ७,५०० ची. एक तुटून त्याचा भार चार शेजाऱ्यांत वाटला गेला तर ढोबळ मानाने ७,००० होतात, अजून निभावते. लगतचा दुसराही गेला की उरलेल्या शेजाऱ्यांतील काही मर्यादा ओलांडतात, आणि तेथून पुढे तुटण्याची साखळी सुरू होऊ शकते.

न मोडणाऱ्या स्टेच्या शोधातून एक विलक्षण प्रकरण उद्भवले. पिट्सबर्गचे फ्लॅनरी बंधू मूळचे अंत्यसंस्कारांची व्यवस्था करणारे व्यावसायिक. ते लवचीक स्टेच्या धंद्यात शिरले, ज्याचे एक टोक गोल घडवून खोबणीत बसविलेले असते आणि जो पत्र्याबरोबर कलू शकतो. अधिक चिवट पोलाद हवे म्हणून ते व्हॅनेडियमपर्यंत पोहोचले, पेरूमधील खाण त्यांनी हस्तगत केली, १९०६ मध्ये कंपनी काढली, आणि त्या धातूचे पोलाद फोर्डच्या मॉडेल टी मोटारीतही गेले.

स्टेच्या रचनेने माणसे कशी वाचतात याचे उदाहरण मात्र त्या मानाने अलीकडचे आहे. १६ जून १९९५ रोजी पेनसिल्व्हेनियातील गार्डनर्स येथे गेटिसबर्ग रेल्वेचे १२७८ क्रमांकाचे एंजिन पर्यटकांची गाडी ओढीत असता भट्टीच्या छतावरचे पाणी कमी पडले. पातळी दाखविणाऱ्या काचनळीच्या वाटा क्षाराने तुंबल्या होत्या. छत तापून मऊ झाले, खाली ओघळले आणि फाटले. कॅबमधील तिघे भाजले. अशा प्रसंगी बॉयलर समूळ उखडून शेकडो फूट फेकला गेल्याचे दाखले पुष्कळ आहेत. येथे तसे झाले नाही. हे एंजिन मूळचे कॅनेडियन पॅसिफिकचे, आणि त्याच्या छतात रुंद डोक्याच्या स्टेंच्या ओळी व साध्या आट्यांच्या स्टेंच्या ओळी आळीपाळीने होत्या. तापलेला पत्रा साध्या स्टेंवरून निसटला, रुंद डोक्यांनी मात्र त्याला धरून ठेवले, आणि वाफ एकदम न सुटता टप्प्याटप्प्याने बाहेर पडली. त्या बॉयलरचा आराखडा करणाऱ्यांनी अर्धशतकापूर्वी असा दिवस येईल हे गृहीत धरून ठेवले होते.

या अपघाताच्या चौकशीनंतर अमेरिकेचे नियम नव्याने लिहिले गेले आणि २००० सालापासून अमलात आले. त्यांनुसार सेवेचे १,४७२ दिवस, किंवा पंधरा वर्षे, यांपैकी जे आधी भरेल तेव्हा बॉयलर पूर्ण उघडावा लागतो, पत्र्यांची जाडी नव्याने मोजावी लागते, आणि त्या मोजमापांवरून प्रत्येक प्रकारच्या स्टेवरील ताणाचा हिशेब पुन्हा मांडून तो सही-शिक्क्यानिशी सरकारदरबारी दाखल करावा लागतो.