कथा कोणाच्या भाषेंत लिहावी ?

कथा लिहूं पाहणाऱ्यापुढें पहिली अडचण कथानकाची असते, असें पुष्कळांस वाटतें. आमचा अनुभव निराळा आहे. कथानक वर्तमानपत्रांतहि सांपडतें. खरी पंचाईत पडते ती कथेंतील माणूस तोंड उघडतो तेव्हां. त्यानें आपल्या घरच्या भाषेंत बोलावें, कीं लेखकाच्या ? जन्मभर शाळेंत शुद्धलेखन शिकविलेल्या आम्हांसारख्यांच्या घरीं या प्रश्नावर जेवणाच्या पंगतींत दोन तट पडतात.

हा वाद नवा नाहीं. छत्रपति संभाजीनगरच्या दक्षिणेस सुमारें ५० किलोमीटरांवर पैठण, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, आहे. तेथील सातवाहन राजाच्या पदरीं गुणाढ्य नांवाचा पंडित होता, अशी कथा सोमदेवानें 'कथासरित्सागरां'त दिली आहे. जलक्रीडेंत राणीनें 'मोदकैः' म्हटलें. 'मा' आणि 'उदकैः' हा संधि न उमजून राजानें लाडू मागविले व तो हास्यास्पद झाला. (येथें व्याकरणाचे शिक्षक मनांतून सुखावतात.) गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षांत व्याकरण शिकवितों, शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. तसें झाल्यास संस्कृत, प्राकृत व देशभाषा तिन्ही सोडीन, अशी पैज गुणाढ्यानें मारली आणि तो हरला. मग विंध्याच्या अरण्यांत पैशाची शिकून त्यानें सात वर्षांत सात लक्ष श्लोकांची 'बृहत्कथा' लिहिली. शाई नव्हती म्हणून रक्तानें. राजानें ती पाहिली मात्र, ऐकली नाहीं. भाषा पिशाचांची आणि अक्षरें रक्ताचीं, एवढ्यावरच ती परत गेली. गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांस वाचून दाखवी व अग्नींत टाकी. चरणें विसरून पशु ऐकत उभे राहिले. त्यांचें मांस शुष्क झालें, तें खाऊन राजा आजारी पडला, तेव्हां कोठें तो धांवत आला. तोंवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते.

ग्रंथ नापसंत झाल्याचें दुःख कोणत्या लेखकास चुकलें आहे ? परंतु येथें न ऐकतांच निकाल झाला, हें आम्हांस अधिक बोचतें. गंमत अशी कीं, मूळ पैशाची ग्रंथ आज उपलब्ध नाहीं. ११ व्या शतकांत काश्मिरांत सोमदेवानें ती कथा संस्कृतांत सांगितली म्हणून ती आपणांस ठाऊक. तेव्हां संस्कृतावर रोष धरण्याचें कारण नाहीं. कालिदासानेंहि शकुंतलेच्या तोंडीं प्राकृतच घातलें आहे, आणि शास्त्रीमंडळी तें आदरानें पढवितात.

आमच्याच जिल्ह्यांत, वैजापुरास व पुढें संभाजीनगरच्या देवगिरी महाविद्यालयांत, प्राचार्य असलेले कै. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' ही कादंबरी १९७१ मध्यें प्रसिद्ध झाली. गंगाराम शिंप्याच्या संसाराची वाताहत त्याची बायको पारबती आपल्या मराठवाडी बोलींत सांगते. हेंच प्राचार्यांनीं ग्रांथिक भाषेंत सांगितलें असतें तर आपण पारबतीची कींव केली असती. आतां आपण तिच्याजवळ बसून ऐकतों. ११ फेब्रुवारी २०२५ रोजीं बोराडे याच शहरांत निवर्तले.

'ण'च्या जागीं 'न' लिहिला कीं झाली बोली, असें समजणारे लेखक मात्र पुष्कळ. बोली उच्चारांत थोडी व वाक्याच्या वळणांत अधिक असते. बाई कोणत्या दुःखाचें नांव घेत नाहीं, कोठें बोलणें अर्धवट टाकून चुलीकडे वळते, तें कानांनीं टिपावें लागतें.

मध्यंतरीं आम्हीं एका आत्याबाईची गोष्ट लिहिली. पन्नास वर्षें भावाच्या घरची चूल सांभाळलेली ही विधवा बाई, घर विकावयाचें ठरतें त्या दिवशीं एवढेंच म्हणते, "माझं काय बाई, मी आहेच की इथं." एका संपादकांनीं तेथें 'माझी काळजी नसावी' असें सुचवून, भाषा शुद्ध करण्याच्या शेऱ्यासह गोष्ट परत केली. निवेदन आम्हीं पुन्हां घोटून लिहिलें. आत्याबाईच्या वाक्यास हात लावला नाहीं. गोष्ट काल टपालांत पडली.