यौवनलोपी ग्रंथी आणि प्रतिलेखन-घटक

जबलपूरमधील गढा येथे १९८४ साली सुरू झालेली आणि आज राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था आदिवासी समाजांतील सिकलसेल आजाराचा अभ्यास करीत आली आहे. या आजाराचा छातीच्या हाडामागील एका ग्रंथीशी संबंध जुळतो तो दोन सख्ख्या प्रथिनांमुळे. बीसीएल-११-ए हे प्रथिन जन्मानंतर गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनाची निर्मिती थोपवते, हे २००८ मध्ये दाखविले गेले. ही अडवणूक रक्तातील तांबड्या पेशींपुरती शिथिल करणाऱ्या जनुकसंपादन-उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याच कुळातील बीसीएल-११-बी हे थायमसमध्ये टी-पेशींचे भवितव्य ठरविते. परिभाषेत थायमसला 'यौवनलोपी ग्रंथी' म्हणतात. नाव तिच्या लोपावरून पडले. कार्य मात्र जॅक मिलर यांच्या प्रयोगांतून १९६१ मध्येच उमगले.

'प्रतिलेखन' हा शब्द जीवशास्त्राने पोथ्यांच्या जगातून उचललेला असल्याने साहित्याच्या अभ्यासकाने येथे सावध राहावे. प्रतिलेखन-घटक स्वतः काहीच उतरवून घेत नाहीत. नक्कल करणारे विकर वेगळे असते. डीएनएवरील ठराविक जागी बसून कोणता भाग उतरवावा आणि कोणता मिटलेला ठेवावा, एवढेच हे घटक ठरवितात. शरीरातील पेशींत संहिता जवळजवळ एकच असते, परंतु सकळ लिपीतील महानुभाव पोथीप्रमाणे ती किल्ली असणाऱ्यालाच उलगडते.

अस्थिमज्जेतून थायमसमध्ये येणारी पेशी अनिश्चित अवस्थेत असते. तेथील पेशींकडून 'नॉच' हा संकेत मिळताच टीसीएफ-१ आणि गाटा-३ हे घटक जागे होतात. तरीही काही विभाजनांपर्यंत अन्य प्रकारची पेशी होण्याचा मार्ग खुला राहतो. तो बंद करण्यात बीसीएल-११-बीचा वाटा निर्णायक ठरतो. २०१० मध्ये उंदरांवरील संशोधनातून दिसले की, या प्रथिनावाचून पेशी टी-पेशी होण्याच्या वाटेवर अडते. परिपक्व टी-पेशींतून ते काढून टाकले असताही त्यांतील काही नैसर्गिक मारक पेशींसारख्या वागू लागल्या. म्हणजे टी-पेशीपण एकदा मिळून भागत नाही, ते सतत राखावे लागते. पुढे मदतनीस की मारक, हा निवाडा थ-पॉक आणि रन्क्स-३ यांच्या परस्परविरोधातून होतो, तर स्वकीय ऊतींवरील हल्ला आवरणाऱ्या पेशी फॉक्स-पी-३ घडविते. या शेवटच्या विषयातील संशोधनाला २०२५ चे नोबेल पारितोषिक लाभले.

माणसातील पुरावा २०१६ मध्ये पुढे आला. नवजात-तपासणीत टी-पेशींचा तीव्र अभाव आढळलेल्या एका अर्भकाच्या बीसीएल-११-बी जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच बदल होता. तथापि तिच्यापासून बनलेले सदोष प्रथिन निर्दोष प्रथिनाच्याही कामात अडथळा आणीत होते. मूळपेशींच्या प्रत्यारोपणाने रोगप्रतिकारशक्तीचा प्रश्न सुटू शकला. मेंदूच्या आणि चेहऱ्याच्या घडणीतही हेच प्रथिन कामी येते, आणि तेथील उणीव त्या उपचाराच्या कक्षेबाहेरची होती.