ट्रॅक्टरचे सोलेर : आणावे किती, ठेवावे कुठे



आपली मंडळी इस्राएलला आली ती बहुतेक दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद अशा गावांतून राहिली, कारखान्यांत, ऑफिसांत नि इस्पितळांत राबली. शेतीकडे वळली ती थोडी. पण आमच्यासारखी काही घरे आहेत, जिथे जावयाने मोशावात डाळिंबाची बाग धरली आहे आणि शेडमध्ये एक जुना लहान ट्रॅक्टर उभा आहे. शेजारी डिझेलचे पिंप. नातवंडे त्याच्याभोवती खेळतात. त्या पिंपाविषयी चार गोष्टी सांगाव्यात, म्हणून हे लिहीत आहोत.

मुलांसाठी प्रथम नावाचा घोळ सोडवू. इथे डिझेलला सगळे सोलेर म्हणतात. गच्चीवरचा दूद शेमेश उन्हावर पाणी तापवतो, ते वेगळे. सोलेर हे जमिनीतल्या खनिज तेलातून निघते. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरने हे इंजिन काढले. १९०० साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात असे एक लहान इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. आपले वाडवडील कोकणात घाणा चालवीत, शनिवारी बैल सोडून ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. तेव्हा इंजिनाचे आणि तेल्याचे नाते तसे जुनेच! मात्र कोणी स्वयंपाकघरातले तेल आजच्या ट्रॅक्टरमध्ये ओतू नये. ते जाड असते, इंजेक्टरच्या बारीक भोकांत चिकटून बसते.

आता किती आणावे? पंचवीस-तीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर हलक्या कामाला तासाला साधारण ३ ते ४ लिटर पितो, जड नांगरटीला ५-६ लिटर. म्हणजे २०० लिटरचे पिंप बागेच्या कामाला पन्नासेक तास पुरते. आमचा जावई दोन-तीन महिन्यांपुरतेच आणतो, आणि आम्हांला ते पटते. स्वस्त मिळाले म्हणून वर्षाचे भरून ठेवणे म्हणजे भाव उतरला म्हणून वर्षाची भाजी आणण्यासारखे. थंड, कोरड्या जागी सोलेर सहा महिने ते वर्षभर चांगले राहते. आपल्या नेगेवच्या उन्हात तेवढे टिकत नाही. पेट्रोलचा भाव सरकार दर महिन्याला ठरवते, सोलेरचा तसा ठरलेला नाही, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारून घ्यावे. जिथे खप जास्त त्या पंपावरचे घ्यावे, तिथला माल ताजा असतो. भरलेले पिंप १८० किलोच्या वर जाते आणि २० लिटरचा डबा १७ किलोच्या आसपास. सत्तरी ओलांडलेल्या सबांनी तो डबा एका हाताने उचलू नये. कंबर धरली की सोलेरच्या दहापट खर्च होतो.

सोलेरचा खरा शत्रू पाणी. ते येते कुठून, पिंप तर बंद असते? दिवसा पिंप तापते, आतली हवा फुगून बाहेर जाते. रात्री गार पडले की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते आणि पत्र्याला आतून दव सुटते. ते थेंब खाली उतरून तळाशी बसतात, कारण पाणी सोलेरपेक्षा जड. पाणी नि सोलेर जिथे भेटतात तिथे बुरशी धरते. होय, बुरशी सोलेर खाते! तिचा शेवाळासारखा बुळबुळीत थर फिल्टरमध्ये अडकतो आणि ऐन कामाच्या दिवसांत ट्रॅक्टर खोकायला लागतो. म्हणून पिंप सावलीत, फळ्यांवर, थोडे कलते ठेवावे. नळ तळापासून चार बोटे वर असावा, म्हणजे गाळ-पाणी खालीच राहते. पिंप बरेचसे भरलेले ठेवावे, पण काठोकाठ नको, कारण उन्हाने २०० लिटरचे तीनेक लिटर सहज वाढते. ट्रॅक्टरची टाकीही संध्याकाळी काम संपल्यावर भरावी, सकाळी नव्हे. आमच्याकडे शुक्रवारी दुपारी शब्बाथ लागण्याआधी भरतात, म्हणजे रविवारपर्यंत टाकी अर्धी रिकामी राहत नाही.

जस्ताचा मुलामा दिलेले पिंप वापरू नये, तांब्याच्या नळ्याही नकोत. जस्ताशी सोलेरचा संयोग होऊन साबणासारखा गाळ बनतो. साधे पोलादी पिंप किंवा सोलेरसाठीच बनवलेली जाड प्लास्टिकची टाकी बरी.

तपासणी कशी करावी ती आम्हां नर्सांना कोणी शिकवायला नको. काचेच्या स्वच्छ बरणीत थोडे काढावे, रात्रभर ठेवावे आणि सकाळी उजेडात धरावे, लॅबमध्ये लघवीचा नमुना धरतात तसे. फिकट पिवळे नि स्वच्छ असेल तर ठीक. धुरकट असेल किंवा खाली वेगळा थर दिसला तर पाणी आहे. कॉफीसारखे काळसर, आंबूस वासाचे झाले असेल तर ते ट्रॅक्टरला देऊ नये.

आता जे सांगण्यासाठी लेखणी उचलली ते. १९६८-६९ साली आम्ही मुंबईच्या इस्पितळात शिकाऊ नर्स होतो. त्या काळी घरोघरी रॉकेलचे स्टोव्ह, आणि रॉकेल ठेवलेले सोड्याच्या बाटलीत. उन्हाळ्यात तहानलेली पोरे तीच बाटली तोंडाला लावीत. दोन वर्षांचा एक मुलगा आणला होता. प्यायला होता फार तर दोन घोट. शेजारणींनी सांगितले म्हणून आईने मिठाचे पाणी पाजून त्याला ओकायला लावले होते. वर येताना ते रॉकेल फुप्फुसांत उतरले. रात्री धाप लागली, तिसऱ्या दिवशी पोर गेले. त्या बाईला आम्ही काय सांगणार? तिने जे केले ते पोर वाचावे म्हणूनच.

सोलेरचेही असेच आहे. पोटापेक्षा छातीत गेलेले जास्त मारते. म्हणून पाणी, रस, दूध यांच्या बाटलीत सोलेर कधीही, एका तासापुरतेसुद्धा, ठेवू नका. कोणी प्यालेच तर ओकायला लावू नका, दूध पाजू नका. बसते ठेवा, १०१ ला फोन करा, डबा बरोबर न्या. लगेच खोकला नसला तरी न्या. नळी तोंडाने ओढून सोलेर काढायची सवय पुष्कळ पुरुषांना आहे. हातपंप थोड्या पैशांत मिळतो, तो आणा.

आणखी एक. इंजिन चालू असताना इंजेक्टरची नळी गळते का ते बोटाने पाहू नये. तिथला फवारा कातडी भेदून आत जातो. वरून सुई टोचल्याएवढा ठिपका दिसतो, दुखतही नाही, आणि माणूस घरी जेवायला बसतो. काही तासांत हात सुजतो. वेळेवर ऑपरेशन झाले नाही तर बोट जाते. असा ठिपका दिसला की थेट इमर्जन्सीत जावे आणि “सोलेर आत गेले आहे” असे स्पष्ट सांगावे. गळती पाहायला पुठ्ठ्याचा तुकडा पुरे.

सांडलेले सोलेर पाण्याने धुऊ नका, ते जमिनीत मुरून विहिरीच्या पाण्याला लागते. वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकून उचला. पिंपाखाली पसरट हौद असावा. अधिक साठा करायचा तर मोशावच्या कचेरीत आणि अग्निशामक दलाकडे नियम आधी विचारावेत. सोलेर पेट्रोलसारखे भस्सकन पेटत नाही हे खरे, पण रिकाम्या पिंपात वाफ उरते. कोंबड्यांचे खुराडे करायचे म्हणून असे पिंप गॅस कटरने कापायला घेतले, तर ते बॉम्बसारखे फुटू शकते. खुराड्याला लाकडी फळ्या वापरा.