गाडीचा श्वास आणि आठ फडकी

आमचा भाचा शारजाहून सुट्टीवर आला की गल्लीतली पोरे त्याच्याभोवती गोळा होत. पगार किती, परत कधी जाणार, हे प्रश्न मोठ्या माणसांचे. पोरांचा प्रश्न एकच : या खेपेला कोणती गाडी हाताखालून गेली? आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा दाखला घेऊन तो २००९ साली तिकडे गेला आणि २०१६ साली कायमचा परत आला. मधली सात वर्षे आमच्या ताईच्या घराचा हप्ता त्याच्या पगारातून गेला. तिथल्या गॅरेजात त्याने काय केले, हे ताईला विचाराल तर ती "गाड्या धुतो-पुसतो" एवढेच सांगायची. आम्ही स्वतः बी. कॉम.; जन्म फायली आणि व्हाउचरांत गेला. इंजिनातले आम्हाला ओ की ठो कळत नसे. परंतु २०१४ च्या सुट्टीत त्याने एक हकीकत सांगितली आणि ती ऐकताना आम्ही वही काढून बसलो. तीच वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत.

काम होते इनटेक मॅनिफोल्ड बदलण्याचे. आता हे प्रकरण काय, ते आधी सांगावयास हवे.

चुलीला फुंकणी लागते, तशी इंजिनाला हवा लागते. किती? एक किलो पेट्रोल नीट जळावयाचे तर सुमारे साडेचौदा किलो हवा! म्हणजे पेट्रोलपेक्षा गाडी हवाच अधिक खाते. ही हवा एका तोंडाने आत घेऊन प्रत्येक सिलिंडरला वाटून देणाऱ्या नळ्यांचा जुडगा म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. आठ सिलिंडर असतील तर आठ नळ्या. पूर्वी हा बिडाचा किंवा ॲल्युमिनियमचा असे. आता पुष्कळ गाड्यांत प्लॅस्टिकचा असतो. त्याने वजन कमी होते आणि इंजिनाची धग हवेला कमी लागते. हवा थंड असली की ती दाट असते, आणि दाट हवा म्हणजे जास्त ताकद.

आम्ही विचारले, "नळी ती नळी. ती बदलून गाडी जोरात कशी पळेल?"

भाचा म्हणाला, "मामा, लोकलच्या दारातली गर्दी पाहिली आहे ना? सगळे आत घुसत असतात आणि दार अचानक बंद झाले तर काय होते?"

पुढचे थांबतात, मागचे त्यांच्यावर आदळतात आणि तो धक्का उलटा मागे जातो. नळीतल्या हवेचे नेमके हेच होते. झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, मिटला की धावत आलेली हवा तिथे तुंबते, तिचा दाब उलट दिशेने नळीच्या तोंडापर्यंत जातो आणि तिथून पुन्हा लाटेसारखा परततो. ही परतणारी लाट व्हॉल्व्ह उघडा असताना नेमकी दारात पोचली, तर ती आणखी थोडी हवा आत ढकलते. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरचा व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो. एवढ्या घाईत लाटेने वेळ साधावयाची! म्हणून नळीची लांबी मोलाची. लांब नळीत लाटेला परतायला उशीर लागतो, म्हणून ती हळू फिरणाऱ्या इंजिनाला सोयीची. आखूड नळीत ती लगेच परतते, म्हणून ती वेगाने फिरणाऱ्या इंजिनाला सोयीची. लांब बासरीचा सूर खर्जातला आणि आखूड बासरीचा चढा, तसेच म्हणा ना.

याचा चोख पुरावा अमेरिकेत १९६० साली मिळाला. क्रायस्लर कंपनीने आपल्या ३००-एफ या गाडीला तब्बल ३० इंच लांबीच्या नळ्या बसविल्या. त्या इंजिनाच्या डोक्यावरून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेलेल्या होत्या. ताकद ३७५ अश्वशक्ती. शर्यतीच्या शौकिनांसाठी त्याच इंजिनाचा ४०० अश्वशक्तीचा प्रकारही मिळत असे. त्यातल्या नळ्या बाहेरून तेवढ्याच दिसत. फक्त आतली मधली भिंत काही अंतर कापून टाकलेली होती, त्यामुळे हवेच्या दृष्टीने नळी १५ इंचांचीच राहिली. मात्र वाढलेली ताकद वरच्या फेऱ्यांना; खाली, गाडी उचलताना, लांब नळीच सरस.

मॅनिफोल्ड बदलून विकण्याचा धंदा मात्र त्याच्याही आधीचा आहे, आणि तो कुणा मोठ्या कारखानदाराने सुरू केलेला नाही. व्हिक एडलब्रॉक हा १९१३ साली कॅन्सस प्रांतात जन्मलेला एका किराणा दुकानदाराचा मुलगा. दुकान आगीत जळाले आणि चौदाव्या वर्षी त्याची शाळा सुटली. घराला हातभार लावण्यासाठी तो गाड्या दुरुस्त करू लागला. १९३१ साली कॅलिफोर्नियात गेला, पुढे स्वतःचे छोटे गॅरेज टाकले. १९३८ साली त्याने १९३२ च्या बनावटीची एक जुनी फोर्ड गाडी घेतली. बाजारातला मॅनिफोल्ड मनास येईना, म्हणून दोन कार्बोरेटर बसतील असा स्वतःच घडविला. त्याचे नाव 'स्लिंगशॉट', म्हणजे आपली गलोल. असे जेमतेम शंभरेक नग विकले गेले. १९४१ साली रोझामंड नावाच्या कोरड्या तळ्याच्या सपाटीवर त्याच गाडीने ताशी १२१.४२ मैलांचा, म्हणजे सुमारे १९५ किलोमीटरचा वेग गाठला. आठवडाभर कामाला जुंपलेली ही गाडी रविवारी शर्यतीला! १९४६ साली त्याने आपला पहिला मालाचा कॅटलॉग काढला. १९६२ साली तो वारला आणि मुलाने धंदा पुढे नेला. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेल्या माणसाचे नाव आजही जगभरातल्या मिस्त्र्यांच्या तोंडी आहे.

असो. आता शारजाच्या गॅरेजात चला.

गिऱ्हाईकाची गाडी होती २०१२ ची फोर्ड मस्टँग जी.टी. पाच लिटरचे, आठ सिलिंडरचे इंजिन, ४१२ अश्वशक्ती. फोर्डने त्याच सुमारास 'बॉस ३०२' नावाची तिची तिखट बहीण काढली होती : ४४४ अश्वशक्ती. तिच्या मॅनिफोल्डच्या नळ्या आखूड आणि सरळ. हा मॅनिफोल्ड सुटाही मिळत असे आणि जी.टी.च्या इंजिनावर बसत असे. गिऱ्हाईकाने हिशेब मांडला : ४४४ वजा ४१२, बत्तीस अश्वशक्ती खिशात! आमच्यासारख्या कारकुनालाही हा हिशेब पटला असता. पण तो चुकीचा होता. बॉसच्या इंजिनाचे हेड निराळे, कॅम निराळे. नुसत्या मॅनिफोल्डने पूर्ण बत्तीस कुठून येणार? शिवाय वहीच्या दुसऱ्या बाजूला खर्चही होता. जी.टी.चा टॉर्क ३९० फूट-पौंड आणि बॉसचा ३८०. आपण ज्याला 'पिकअप' म्हणतो, तो या टॉर्कवर अवलंबून.

भाच्याने हे फोरमनला हळूच सांगितले. फोरमन म्हणाला, गिऱ्हाईक पैसे मोजतो, तू पाना धर.

काम तसे अवघड नव्हते. बॅटरीची तार काढणे, पेट्रोलच्या पाइपातला दाब उतरविणे, जुना मॅनिफोल्ड सोडविणे. जुन्या काळच्या इंजिनांत मॅनिफोल्डमधून कूलंटचे पाणीही जाई, ते आधी काढावे लागे. या इंजिनात ती कटकट नव्हती. पण मॅनिफोल्ड उचलला की हेडची आठ भोके उघडी पडतात आणि तिथून थेट इंजिनाच्या पोटात रस्ता जातो. एक वॉशर जरी आत पडला तरी सत्यानाश. म्हणून प्रत्येक भोकात स्वच्छ फडक्याचा बोळा घालावयाचा. भाच्याने आठ बोळे घातले, कडा पुसून घेतल्या, बोळे काढले, नवा मॅनिफोल्ड रबरी गॅस्केटसह ठेवला आणि टॉर्क पान्याने मधल्या बोल्टपासून बाहेर जात कसला. कडेपासून सुरुवात केली तर तो नीट बसत नाही. फटीतून चोरटी हवा शिरते आणि उभ्या गाडीचे इंजिन वर-खाली होऊ लागते.

चावी फिरविण्याआधी त्याने तबकातली फडकी मोजली. सात!

पुन्हा मोजली. सातच. फोरमन म्हणाला, सातच घातली असशील. गिऱ्हाईक केबिनमध्ये बसला आहे, चालू कर. भाचा म्हणाला, मी आठ घातली. फोरमन चिडला. व्हिसा कुणाच्या हातात आहे, याची आठवण त्याने करून दिली. वाचकांतल्या ज्यांचा मुलगा किंवा धनी आखातात आहे, त्यांना या वाक्याचे वजन सांगावयास नको. इकडे ताईच्या घराचे अजून अडीच वर्षांचे हप्ते बाकी होते.

"मग तू काय केलेस?" आम्ही विचारले.

"काय करणार मामा? पाना घेतला आणि सगळे पुन्हा खोलले."

सव्वा तास गेला. आठवे फडके सहाव्या भोकात, पार आत सरकलेले होते. तेलाने काळे झालेले, म्हणून बॅटरीच्या उजेडातही चटकन दिसेना. इंजिन तसेच चालू केले असते तर ते ओढले जाऊन व्हॉल्व्हमध्ये अडकले असते, व्हॉल्व्ह मिटला नसता आणि वर येणारा पिस्टन त्यावर आदळू शकला असता. फोरमनने फडके हातात घेतले, पाहिले, कचऱ्याच्या डब्यात टाकले. एक शब्द बोलला नाही. महिनाअखेरीस त्या दिवसाचा ओव्हरटाइम मात्र पगारात नव्हता.

आमच्या कचेरीत रोकड मोजताना दहा रुपये कमी भरले तरी आम्ही रात्री आठपर्यंत बसत असू, आणि घरचे लोक हसत. ही हकीकत ऐकल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्यांदा त्यावर हसणे बंद केले.

गाडीचे पुढे काय झाले? हवेची वाट बदलली की गाडीतल्या संगणकाचेही आकडे बदलावे लागतात. ते काम दुसऱ्या कारागिराने केले. मोकळ्या रस्त्यावर गाडी वरच्या फेऱ्यांना खरोखरच सुसाट धावू लागली. गिऱ्हाईक खूश. तीन आठवड्यांनी तोच गिऱ्हाईक तोंड पाडून परत आला. सिग्नलवरून गाडी पूर्वीसारखी उचलत नाही, म्हणाला. कचेरीत जाण्या-येण्यात इंजिन वरच्या फेऱ्यांना जातेच कधी? भाच्याने जुना मॅनिफोल्ड फडक्यात गुंडाळून फळीवर जपून ठेवला होता, तो परत चढविला, संगणकातले जुने आकडेही परत आले. दोन्ही वेळची मजुरी गिऱ्हाईकाच्या खिशातून गेली. शर्यतीच्या मैदानावर जाणाऱ्याला तो आखूड नळ्यांचा मॅनिफोल्ड योग्यच होता. या गृहस्थाला तो नको होता, इतकेच.

आपल्याकडच्या पोरांनाही असल्या बदलांचे वेड आहे, म्हणून एक सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली ते स्पष्ट केले आहे. इंजिनाला हात लावण्यापूर्वी आर.टी.ओ.त विचारावे. बहुतेकांच्या गाडीला नवा मॅनिफोल्ड नकोच असतो. एअर फिल्टर वेळेवर बदलला तरी तिचा श्वास मोकळा होतो.

भाच्याचे आता घराजवळच एका गाळ्यात गॅरेज आहे. येतात त्या मारुतीच्या गाड्या, तीन किंवा चार सिलिंडरच्या. गेल्या महिन्यात आम्ही गेलो तेव्हा ताई दारात बसून जुन्या सुती चादरीचे तुकडे शिवत होती. प्रत्येक तुकड्याला हातभर लांबीची लाल नाडी, बोळा आत सरकला तरी नाडी बाहेर लोंबती राहावी म्हणून. आम्ही मोजले : आठ. "अगं, चार पुरे झाले असते की," आम्ही म्हणालो. ताईने सुईत दोरा ओवला आणि म्हणाली, "असू देत. आठच असू देत."