उत्तराची वाट पाहणारी चौकट

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या कारखान्यात भट्टीच्या तापमानाची नोंद ठेवणारा एक जुना संगणक दिवसरात्र चालू असे. एका सकाळी पाहिले, तर रात्री दोननंतर आलेखावर एकही बिंदू नव्हता. पडद्यावर एक चौकट होती: आज्ञावली बंद पडली आहे, अहवाल पाठवायचा का? 'पाठवा' किंवा 'पाठवू नका', एक बटण दाबा. रात्रपाळीचा कामगार भट्टीपाशी. बटण दाबणार कोण? शिवाय त्या संगणकाला इंटरनेटच नव्हते. भट्टी नीट चालली, कारण तिचे नियंत्रण पीएलसी या वेगळ्या उपकरणाकडे होते. पण नोंदीवाचून गिऱ्हाईक माल घेईना.

२००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीपासून ही सोय आहे. घरोघरच्या संगणकांवरून असे अहवाल गोळा झाले, की कोणता दोष वारंवार येतो ते मायक्रोसॉफ्टला कळते. हेतू चांगलाच, पण पडद्यासमोर माणूस बसलेला आहे, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

खरी गोम पुढे आहे. आज्ञावली बंद पडली की बंद पडावी, पुन्हा सुरू करता येते. कारखान्यात त्यासाठी एक राखणदार आज्ञावली ठेवतात. ती दर मिनिटाला 'अमुक चालू आहे का?' असे पाहते आणि नसेल तर सुरू करते. पण पंचनामा होईपर्यंत प्रेत हलवत नाहीत, तसे चौकटीला उत्तर मिळेपर्यंत विंडोज मेलेल्या आज्ञावलीला स्मृतीतून काढत नाही. राखणदार यादी पाहतो, नाव दिसते, हजेरी लागते!

उपाय सोपा आहे. एक्सपीत कंट्रोल पॅनेलमधून हे अहवाल बंद करता येतात. मात्र गंभीर चुका झाल्यास कळवा, या ओळीसमोरची खूणही काढावी लागते. ती विसरली तर चौकट येतच राहते. व्हिस्टा व नंतरच्या विंडोजमध्ये रजिस्ट्रीत 'डोंट शो यूआय' या नोंदीची किंमत १ करतात. मग आज्ञावली मुकाट्याने मरते आणि राखणदार तिला उठवतो.

मुकाट्याने मरणे मात्र धोक्याचे. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात एका वीज कंपनीची धोक्याच्या सूचना देणारी आज्ञावली दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी अडकली. तेथे विंडोज नव्हती, चौकटही आली नाही. सूचना नाहीत म्हणजे सारे ठीक, असे समजून कर्मचारी तासाहून अधिक काळ बसून राहिले. चारच्या सुमारास अमेरिका व कॅनडातील सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली.

म्हणून चौकट काढताना तिच्या जागी दोन गोष्टी ठेवाव्यात. पहिली, 'लोकल डम्प्स' ही सोय: मृत आज्ञावलीच्या स्मृतीची प्रत त्याच संगणकावर साठते (ठरवून दिले नाही तर शेवटच्या दहा), आणि अभियंता ती सवडीने तपासू शकतो. दुसरी मला अधिक महत्त्वाची वाटते. संगणकाने दर सेकंदाला पीएलसीकडे एक वाढता आकडा पाठवायचा. आकडा वाढायचा थांबला, की पीएलसीने भोंगा वाजवायचा. आज्ञावली मेली काय किंवा नुसती अडकली काय, भोंगा वाजतोच.

डोंबिवलीत हे दोन्ही बसवले. पहिल्याच आठवड्यात भोंगा दोनदा वाजला, तेव्हा कळले की ती आज्ञावली आधीपासूनच अधूनमधून अडकत होती.