कागद आपले, संगणकही आपलाच

गेल्या वर्षीची गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजले होते. धुळ्याहून माझ्या भाचीचा फोन आला. बँकभरतीच्या परीक्षेचा अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस होता.

"मामा, अर्ज सगळा भरला, पण सही घेतच नव्हता. दहा ते वीस केबीचीच पाहिजे म्हणतो. माझी दोनशेच्या वर होती."

"मग काय केलंस?"

"एक वेबसाइट सापडली. फुकट लहान करून देते. सही, अंगठा, हाताने लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, सगळं तिच्यावर टाकलं. झालं काम!"

अर्ज वेळेत गेला, याचा मलाही आनंद झाला. पण फोन ठेवल्यावर झोप काही येईना. पोरीची सही, डाव्या अंगठ्याचा ठसा आणि तिचे हस्ताक्षर, तिन्ही गोष्टी एकदमच कोणाच्या तरी संगणकावर जाऊन बसल्या होत्या. तो कोण, कुठला, त्या फाइली पुसतो की ठेवतो, आम्हाला काहीच ठाऊक नव्हते. एरवी आपण कोऱ्या कागदावर सही मागितली तर दहादा विचार करतो. इथे विचार करायला सवडच नव्हती.

तेव्हा मंडळी, आज सांगायची गोष्ट एवढीच. फाइल लहान करायची असो, जोडायची असो की तिचा प्रकार बदलायचा असो, आधी एक प्रश्न विचारावा : हे काम होते कुठे? माझ्या संगणकावर की दुसऱ्याच्या? ओळखायची सोपी खूण आहे. इंटरनेट बंद करून पाहा. तरीही काम झाले, तर ते आपल्याच घरात झाले.

आणि बहुतेक कामे घरात होतात, तीही फुकट. सहीचेच पाहा. फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी. ठिपके कमी केले की फाइल हलकी होते. विंडोज संगणकावर 'पेंट' नावाचा कार्यक्रम आधीपासूनच असतो. त्यात सहीभोवतीचा कोरा कागद कापून टाकायचा आणि 'रीसाइझ'मध्ये आकार कमी करायचा. फार हलकी झाली तर थोडा वाढवायचा. दोन-तीन प्रयत्नांत वीस केबीच्या आत बसते.

फोटोचा पीडीएफ करायचा आहे? विंडोज १० किंवा त्यापुढचा संगणक असेल तर छपाईचा आदेश द्या आणि प्रिंटरच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडा. अँड्रॉइड फोनवरही छपाईच्या यादीत 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ' सापडते. वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही. चार पीडीएफ एकत्र जोडायचे असतील तर 'पीडीएफसॅम बेसिक' हे मोफत साधन संगणकावर बसवता येते.

पीडीएफ ही अडोबी कंपनीने १९९३ साली आणलेली पद्धत. २००८ साली ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. पीडीएफ म्हणजे एकाच कंपनीचे महागडे सॉफ्टवेअर विकत घ्यायला हवे, असे अजूनही पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. पीडीएफ अर्ज दोन प्रकारचे असतात. एकात भरायचे रकाने जिवंत असतात. त्यावर टिचकी मारली की लिहिता येते. असा अर्ज फायरफॉक्स, क्रोम, एज यांपैकी कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडून भरता येतो. दुसरा प्रकार नुसत्या चित्रासारखा. त्यावरही मजकूर ठेवण्याची सोय फायरफॉक्समध्ये २०२२ पासून आहे. मराठीत भरल्यावर मात्र फाइल साठवून पुन्हा उघडून पाहावी. कधीकधी जोडाक्षरे विस्कटतात.

पत्र, अर्ज, तक्ते यांसाठी 'लिबरऑफिस' आहे. ओपनऑफिसमधून २०१० साली ते वेगळे निघाले. ते मोफत तर आहेच, शिवाय मुक्तही आहे. म्हणजे त्याची आतली रचना कोणालाही तपासता येते. वर्डची फाइल त्यात उघडते आणि एका आदेशात तिचा पीडीएफ होतो.

आता आपल्या मराठीची खास अडचण. जळगावातल्या एका डीटीपीच्या दुकानात माझ्या स्नेह्यांनी अर्ज टंकून घेतला आणि ई-मेलने पाठवला. समोरच्याने उघडला तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी! कारण अर्ज कृतीदेव या जुन्या फाँटमध्ये होता. त्या फाँटमध्ये 'राम' लिहायचे तर संगणकात प्रत्यक्षात जे, के आणि ई ही इंग्रजी अक्षरेच साठतात. त्यांच्यावर मराठीचा मुखवटा असतो. फाँट नसला की मुखवटा गळतो. युनिकोडमध्ये मराठीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते कुठेही मराठीच राहते. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये नेणारी मोफत साधने आहेत. पण कृतीदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, त्यामुळे रूपांतरात ती चुकू शकते. नाव-आडनाव डोळ्यांत तेल घालून तपासा. एका वेलांटीने आधारकार्डावरचे नाव आणि अर्जावरचे नाव वेगळे होते. दुकानदाराला सुरुवातीलाच "युनिकोडमध्ये टंका" म्हणावे, हे सर्वांत उत्तम.

शेवटची सूचना : काही कागदांचे रूपांतर करूच नये. यावल तालुक्यातल्या एका केळी उत्पादक मित्राने पंधरा रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घेतला. ही सोय राज्यात २०१८ साली सुरू झाली. त्याने तो पासबुकाच्या फोटोबरोबर जोडून नवा पीडीएफ केला, आणि कागद परत आला. डिजिटल स्वाक्षरी ही लाखेच्या मोहोरेसारखी असते. मूळ फाइलच्या एकूण एक अंशावरून ती गणिताने काढलेली असते. पाकीट फोडून पत्र नव्या पाकिटात घातले, तर मोहोर जुन्यावरच राहते. म्हणून सहीची फाइल आहे तशी जपून ठेवावी आणि आहे तशीच द्यावी. गुणपत्रिकेसारखे कागद २०१५ मध्ये सुरू झालेल्या डिजिलॉकरमधून थेट मिळत असतील, तर तेथूनच घ्यावेत. आधारची प्रत द्यायचीच असेल आणि चालत असेल, तर फक्त शेवटचे चार अंक दाखवणारी प्रत द्यावी.

सायबर कॅफेत बसूनच अर्ज भरावा लागतो, अशीही पुष्कळ मुले आहेत. त्यांनी उठण्यापूर्वी आपल्या फाइली पुसाव्यात, 'डाउनलोड्स' आणि कचरापेटीसुद्धा रिकामी करावी आणि सगळ्या खात्यांतून बाहेर पडावे. दोन मिनिटांचे काम आहे.

यंदा भाचीने पुन्हा अर्ज भरला. या वेळी फोन आला तो दुपारी, मुदत संपायला आठ दिवस असताना.

"मामा, अर्ज गेला. आणि सही लहान करताना नेट बंद ठेवलं होतं बरं का!"