खाऱ्या पाण्याची मासेटाकी : आधी मोजमाप, मग मासे

दुकानात किंवा शोरूममध्ये गिऱ्हाइकाची नजर ठरावी म्हणून काचेच्या टाकीत मासे ठेवण्याचा शौक आता शिराळ्यासारख्या तालुक्याच्या गावीही दिसतो. गोड्या पाण्याची टाकी सांभाळणे सोपे. समुद्री माशांची टाकी मात्र चुकीच्या मापाची घेतली तर मासेही जातात आणि पैसाही. म्हणून व्यापारी बंधूंनी आधी हिशेब समजून घ्यावा.

कापडाच्या धंद्यात पन्हा विचारल्याशिवाय कोणी मीटरचा भाव ठरवत नाही. टाकीचेही तसेच आहे. नुसते लिटर विचारू नयेत. समजा, एक टाकी 4 फूट लांब, दीड फूट रुंद व 2 फूट उंच आहे. दुसरी 4 फूट लांब, 2 फूट रुंद व दीड फूट उंच आहे. दोन्हींत 12 घनफूट, म्हणजे सुमारे 340 लिटर पाणी मावते. पण पहिलीचा पृष्ठभाग 6 चौरस फूट, तर दुसरीचा 8 चौरस फूट. हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळतो तो पृष्ठभागातून, आणि खाऱ्या पाण्यात तो गोड्या पाण्यापेक्षा कमी विरघळतो. त्यामुळे दुसरी टाकी सरस. शिवाय काचेवरचा दाब पाण्याच्या उंचीने वाढतो. उंच टाकीला जाड काच लागते, आणि तळ साफ करताना हात पोहोचत नाही.

फार लहान टाकी स्वस्त वाटते, पण तीच महागात पडते. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहते. 50 लिटरच्या टाकीतून 5 लिटर पाणी उडाले तर खारटपणा दर लिटरला 35 ग्रॅमवरून जवळजवळ 39 ग्रॅमवर जातो. 340 लिटरच्या टाकीत तेवढ्याच वाफेने तो साडेपस्तीसच्या आसपास राहतो. ही तूट नेहमी गोड्या पाण्यानेच भरावी.

आपल्याकडे समुद्र नाही, म्हणून पाणी तयार करावे लागते. 340 लिटरला सुमारे 12 किलो समुद्री मीठ लागते. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. दर पंधरवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलले तर वर्षाला आणखी 30 किलो मीठ धरावे. टाकी मोठी घेताना हा कायमचा खर्च विसरू नये.

पाणी, काच, वाळू, दगड मिळून या टाकीचे वजन पाचशे किलोच्या घरात जाते. लाकडी तुळयांच्या माडीवर ती ठेवू नये. खाली गाळणीची दुसरी टाकी असेल तर तिच्यात जागा रिकामी सोडावी. वीज गेली की वरचे पाणी खाली उतरते.

मासे निवडताना त्यांचे आजचे नव्हे, पुरते वाढलेले माप पाहावे. क्लाउन फिश लहान टाकीत राहतो. निळा सर्जन फिश मात्र फूटभर वाढतो. त्याला पोहायला 6 फूट लांबी हवी. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना 2001 पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. कोणी ते विकायला आणले तर घेऊ नयेत.

थोडक्यात, आधी मासा ठरवावा, त्यावरून लांबी, मग रुंदी, आणि उंची सर्वांत शेवटी.